कुलूप मोठे की कोयंडा?

बालमित्रांनो, वर्तमानपत्रात घरफोडीची बातमी आली की एक जोडशब्द हमखास वाचायला मिळतो. आठवतो का? "अज्ञात चोरट्यांनी दाराचा कडी-कोयंडा तोडून आत प्रवेश केला…" दुकानाची बातमी असेल तर "शटर उचकटून". आता जरा विचार करा. कुलूप हुशारीने उघडून चोर आत शिरला, अशी बातमी तुम्ही किती वेळा वाचली? क्वचितच! म्हणजे आपण बाजारातून भले मोठे, चकचकीत कुलूप आणतो आणि ते अडकवतो कशात? अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर बसवलेल्या पातळ कोयंड्यात. चोर कुलपाकडे बघतसुद्धा नाही. तो सरळ कोयंडा उपटतो.

आपल्या शिरूर अनंतपाळ भागात सोयाबीनचे, तुरीचे पैसे वर्षातून एकदाच हातात येतात. आडतीवरून आलेली रक्कम कधी दोन दिवस घरात राहते. लग्न ठरलेले असेल तर दागिनेही असतात. उन्हाळ्यात सगळे घर गच्चीवर झोपते आणि खालचे दार एका कडीवर असते. अशा वेळी एका रात्रीत वर्षाची मेहनत जाऊ शकते. म्हणूनच घराच्या राखणीचा विचार मोठ्यांनी करायचा तसा तुम्हीही करायचा. आणि बरं का, हा विषय अजिबात कंटाळवाणा नाही. त्यात इतिहास आहे, विज्ञान आहे आणि थोडे गणितसुद्धा आहे!

जुन्या वाड्यांचे शहाणपण

आपल्याकडचा एखादा जुना वाडा नीट पाहा. बाहेर दगडामातीची जाड भिंत. रस्त्याकडे खिडक्या कमी, त्याही उंचावर. पुढे मोठा दरवाजा, आणि त्या दरवाजातच एक छोटे दार, म्हणजे दिंडी. रात्री मोठा दरवाजा बंद झाला की ये-जा फक्त दिंडीतून. दिंडीतून आत येणाऱ्याला वाकावे लागते आणि एका वेळी एकच माणूस आत येतो. दारामागे भिंतीतल्या खोबणीत सरकणारा लाकडी अडसर असे. बाहेरून कितीही ढकला, अडसर भिंतीला जाऊन टेकलेला! आत शिरले की ढाळज. तिथे घरचे कोणीतरी किंवा गडीमाणूस झोपलेला. त्यापुढे चौक आणि मग खोल्या. धान्य बळदात किंवा जमिनीखालच्या पेवात.

वाड्याबाहेर गावाला वेस होती. वेशीवर वेसकर असे, रात्री जागल्या फिरे. म्हणजे चोराला किती अडथळे? वेस, जागल्या, भिंत, दिंडी, अडसर, ढाळजेतला माणूस आणि शेवटी बळद. एक अडथळा फसला तरी पुढचा तयार.

देवगिरीचे कोडे

हीच युक्ती फार मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल तर आपल्याच मराठवाड्यातल्या देवगिरीच्या किल्ल्यावर जा. छत्रपती संभाजीनगरहून तो अगदी जवळ आहे. यादवांची ही राजधानी. पुढे मुहंमद तुघलकाने 1327 साली इथे राजधानी आणली आणि नाव ठेवले दौलताबाद. पुढच्या राजवटींनीही इथे बांधकामाची भर घातली.

या किल्ल्यात शिरणे म्हणजे शत्रूची परीक्षाच. आधी एकामागून एक तटबंद्या. दरवाज्यांवर लोखंडी अणकुचीदार खिळे, हत्तीने धडक देऊ नये म्हणून. वाटा सरळ नाहीत, वळणे घेत जाणाऱ्या. पुढे खडकात खोदलेला खोल खंदक. त्यापलीकडे डोंगराचा कडा असा तासलेला की पाय ठेवायला जागा नाही. आणि खंदक ओलांडलाच तर वर जाण्यासाठी अंधारी! डोंगराच्या पोटातून जाणारा काळोखा, वळणावळणाचा मार्ग. आतला माणूस वाट चुकतो, चाचपडतो, आणि वर बसलेल्या पहारेकऱ्यांना सावध व्हायला वेळ मिळतो.

इतका बळकट किल्ला. तरीही 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला तेव्हा राजा रामदेवरायाला तह करावा लागला. का? एक तर यादवांची मोठी फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर गेली होती. शत्रू जवळ येईपर्यंत खबर लागली नाही. आणि दुसरी गंमत, गंमत कसली, दुर्दैवच! फिरिश्ता नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, वेढ्यात खायला म्हणून गडावर घाईघाईने जी पोती चढवली होती, ती उघडली तेव्हा आत धान्याऐवजी मीठ निघाले.

बघा, कडा तसाच उभा होता. खंदकही होता. उणे पडली ती खबर, माणसे आणि आतली तयारी. घराचेही असेच असते. महागडे कुलूप लावले म्हणजे काम संपले, असे होत नाही.

एकावन्न तासांचे कुलूप

आता जरा लांब, थेट लंडनला जाऊ. तिथे जोसेफ ब्रामा नावाचा एक कारागीर होता. त्याचे कुलूप इतके अवघड की त्याच्या दुकानाच्या काचेत ते आव्हान म्हणून ठेवलेले असे. किल्लीशिवाय हे उघडून दाखवा आणि 200 गिनी बक्षीस मिळवा! वर्षानुवर्षे ते कोणालाच उघडले नाही. मग 1851 साली लंडनमध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले. त्यासाठी ए. सी. हॉब्स नावाचा अमेरिकन कुलूपवाला आला. त्याने आव्हान स्वीकारले आणि कुलूप उघडले. पण त्याला किती वेळ लागला माहीत आहे? 16 दिवसांत मिळून 51 तास!

आता सांगा, हे कुलूप हरले की जिंकले? आव्हान हरले खरे, पण कोणता चोर तुमच्या दाराशी 51 तास बसून राहील? न उघडणारे कुलूप जगात नाही. चांगले कुलूप म्हणजे चोराला जास्त वेळ लावणारे कुलूप. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढे गणितात लागणार आहे.

लालबागचा कुलूपवाला

चांगले कुलूप आपल्याकडे कोणी बनवले? त्याची गोष्ट मुंबईत घडली. अर्देशीर गोदरेज हे मूळचे वकील. वकिलीसाठी ते आफ्रिकेत झांजिबारला गेले, पण तो व्यवसाय सोडून परत आले. शस्त्रक्रियेची हत्यारे बनवून पाहिली, तेही जमले नाही. त्या काळात मुंबईत घरफोड्या होत होत्या. त्यांच्या बातम्या वाचून अर्देशीरांच्या मनात आले की लोकांना भरवशाच्या कुलपाची गरज आहे. 1897 साली लालबागला एका छोट्या जागेत त्यांनी कुलपे बनवायला सुरुवात केली. त्यानंतर काही वर्षांत तिजोऱ्याही आल्या.

अशा कुलपाच्या पोटात असते तरी काय? पितळेच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांना लिव्हर म्हणतात. प्रत्येक पट्टीला एक खाच असते. किल्ली फिरवली की तिचा एकेक दात एकेक पट्टी वर उचलतो. सगळ्या पट्ट्या अगदी नेमक्या उंचीवर आल्या, तरच खाचा एका रेषेत येतात आणि कुलूप उघडते. एखादी पट्टी कमी उचलली तरी नाही, जास्त उचलली तरी नाही! कुलपावर "7 लिव्हर" असे लिहिलेले असते त्याचा अर्थ हा. पट्ट्या जितक्या जास्त, तितके दुसऱ्या किल्लीने उघडणे अवघड.

या कारखान्याची आणखी एक हकिकत सांगण्याजोगी आहे. 1951-52 साली स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तेव्हा लाखो मतपेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनल्या. प्रत्येक पेटीला बाहेरून वेगळे कुलूप लावले असते तर खर्च फार वाढला असता. म्हणून बंद करण्याची व्यवस्था पेटीच्या आतच बसवली. गरज ओळखून, खिशाला परवडेल अशी योजना करायची, ती अशी.

राखणीचे गणित

आता पाटी-पेन्सिल घ्या. समजा, तुमचे दार तोडायला चोराला 6 मिनिटे लागतात. दाराला हात लावल्यावर 1 मिनिटात भोंगा वाजतो. शेजारचे काका जागे होऊन दिवा लावून बाहेर यायला 3 मिनिटे लागतात. 1 अधिक 3 बरोबर 4. चार हे सहापेक्षा कमी, म्हणून घर वाचले!

आता भोंगा काढून टाका. दार तेच, कुलूप तेच. घर बंद, सगळे लग्नाला गेलेले. शेजाऱ्यांना कळणार सकाळी. मग चोराला 6 मिनिटे लागोत नाही तर 60, त्याच्याकडे सबंध रात्र आहे.

आता उलट करा. भोंगा आहे, पण कोयंडा एका झटक्यात निघतो. भोंगा वाजेपर्यंत चोर आत आणि काका येईपर्यंत तो बाहेर.

म्हणजे तीन कड्या हव्यात: चोराला उशीर लागला पाहिजे, कोणाला तरी कळले पाहिजे आणि कोणी तरी आले पाहिजे. तिन्हींपैकी एक तुटली की बाकी दोन वाया. राखणीसाठी काहीही विकत घेताना आई-बाबांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा, "या तिघांपैकी आपली कोणती कडी कच्ची आहे?" आणि पैसा आधी तिथेच घालावा.

निवड कशी करावी?

घरासाठी: आधी दार आणि चौकट तपासा. चौकटीला वाळवी लागली असेल तर कुलूप कितीही चांगले असो, उपयोग नाही. कोयंडा जाड हवा. तो स्क्रूंऐवजी आरपार जाणाऱ्या बोल्टने बसवून आतून नट आवळून घ्यावा. सुताराला सांगितले तर थोड्या वेळाचे काम. मागचे दार विसरू नका. पुढच्या दाराला तीन कड्या आणि परसदाराला एक खिट्टी, असे किती घरांत असते! दाराबाहेर दिवा हवा. किल्ली तुळशीच्या कुंडीखाली, चौकटीवर किंवा मीटरच्या पेटीत ठेवू नका. या जागा साऱ्या गावाला ठाऊक असतात.

दुकानासाठी: शटरला नुसती दोन टोकांना कुलपे लावली तर मधला भाग उचकटता येतो. म्हणून मध्येही कुलूप हवे. गल्ला रात्री रिकामा ठेवून उघडाच ठेवला तर तो फोडण्याचे कारण उरत नाही. मागची खिडकी आणि पत्र्याचे छतही पाहावे, कारण चोर नेहमी समोरूनच येतो असे नाही.

शाळेसाठी: आपल्या शाळांत आता टीव्ही, संगणक, बॅटऱ्या आल्या आहेत. सुट्टीत शाळा सुनी पडते. अशा वस्तू एकाच बळकट खोलीत ठेवाव्यात, त्यांचे क्रमांक वहीत लिहून ठेवावेत आणि शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या घराला लक्ष ठेवायला सांगावे.

दागिन्यांसाठी: रोज लागत नाहीत ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे बरे. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याच्या फसवणुकीमुळे लॉकरमधल्या वस्तू गेल्या, तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या 100 पटींपर्यंत असते. म्हणजे पूर्ण किंमत मिळेलच असे नाही. तेव्हा दागिन्यांच्या पावत्या आणि फोटो जपून ठेवा.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट लातूर-धाराशिवची माणसे विसरलेली नाहीत. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. दगडामातीच्या ज्या जाड भिंतींनी आणि जड माळवदांनी पिढ्यान्‌पिढ्या घर राखले, त्याच अंगावर कोसळल्या. त्यातून एक धडा घ्यायचा. चोर आत येऊ नये एवढेच पाहून भागत नाही. आग, भूकंप झाला तर आतला माणूस पटकन बाहेर पडला पाहिजे. सगळ्या खिडक्यांना पक्के गज आणि आतल्या दाराला कुलूप लावून किल्ली भलतीकडे, असे कधी करू नका. आतली किल्ली घरातल्या प्रत्येकाला, आजीलासुद्धा, अंधारात सापडली पाहिजे.

विजेवरचे पहारेकरी

बाजारात आता भोंगे, कॅमेरे, बोटाच्या ठशाने उघडणारी कुलपे मिळतात. त्यांची जादू समजून घेऊ.

दाराच्या भोंग्यात एक चुंबक दारावर असतो आणि चौकटीवर एक छोटी काचेची नळी. नळीत लोखंडाच्या दोन बारीक पट्ट्या असतात. दार बंद असताना चुंबकामुळे त्या एकमेकींना चिकटतात. दार उघडले की चुंबक दूर जातो, पट्ट्या सुटतात आणि भोंगा ओरडतो.

दुसरे यंत्र माणसाच्या अंगाची उष्णता ओळखते. ऊब असलेली वस्तू समोरून सरकली की ते सावध होते. मात्र समोरून मांजर गेले तरी ते कधी फसते. रोज रात्री उगीच भोंगा वाजू लागला, तर "लांडगा आला रे आला" या गोष्टीतल्यासारखे होईल. खऱ्या रात्री कोणी उठणार नाही! म्हणून यंत्र कुठे बसवायचे ते विचारपूर्वक ठरवावे लागते.

कॅमेरा चोराला धरत नाही, तो फक्त पाहतो. चोरीनंतर तपासाला त्याची मोठी मदत होते. पण चित्रे साठवणारा डबा टीव्हीशेजारी उघड्यावर असेल तर चोर तोही उचलून नेतात. तो वेगळ्या, बंद जागी ठेवावा. वीज गेली की कॅमेरा आंधळा, म्हणून बॅटरी हवी. कॅमेऱ्याचे तोंड आपल्या दाराकडे असावे, शेजाऱ्यांच्या अंगणाकडे नको. आणि इंटरनेटला जोडलेल्या कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. 2016 साली मिराई नावाच्या एका घातक प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि इतर उपकरणे ताब्यात घेतली होती, ती असे न बदललेले पासवर्ड वापरूनच. पासवर्ड न बदलणे म्हणजे किल्ली दाराला लटकवून झोपण्यासारखे!

दार नसलेले गाव

"आमच्याकडे तर दारेच नाहीत!" असे म्हणणारे गावही महाराष्ट्रात आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातले शनिशिंगणापूर. शनिदेव राखण करतो या श्रद्धेने तिथे घरांना दारे न लावण्याची परंपरा आहे. जानेवारी 2011 मध्ये युको बँकेने तिथे शाखा उघडली. गावाच्या श्रद्धेचा मान राखून काचेचे दार ठेवले आणि सहज दिसणार नाही असे विजेच्या चुंबकावर चालणारे कुलूप बसवले. त्याआधी 2010 साली बाहेरगावच्या एका भाविकाच्या गाडीतून पैसे आणि वस्तू गेल्याची तक्रार झाली होती. 2015 साली गावात पोलीस ठाणेही आले.

या गावाने इतकी वर्षे दारांशिवाय काढली, त्यामागे श्रद्धा आहेच. पण माणसे एकमेकांना ओळखतात, हेही आहे. ओळखीच्या गावात अनोळखी माणूस लगेच नजरेत भरतो. येणारे-जाणारे वाढले की नुसत्या ओळखीवर भागत नाही, थोडी यंत्राची जोड लागते.

आपल्यासाठीही हेच खरे. गावात ग्रामसुरक्षा दल असेल तर घरातले कोणी त्यात आहे का विचारा. पोलीस पाटलांचा नंबर आणि 112 हा मदतीचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. गावाला जाताना शेजारच्या मावशींना सांगा, पण मोबाईलच्या स्टेटसवर साऱ्या जगाला सांगू नका! अनोळखी माणसाने फोनवर "बाबा घरी आहेत का?" विचारले तर "ते कामात आहेत, नाव सांगा" एवढेच म्हणा. आणि रात्री खुडबूड ऐकू आली तर शौर्य दाखवायला बाहेर पळायचे नाही. मोठ्यांना उठवा, दिवे लावा, आरडाओरडा करा, फोन करा. वस्तू पुन्हा घेता येते.

करून पाहा: घरगुती भोंगा

साहित्य: कपडे वाळत घालायचा एक चिमटा, चांदीचा कागद, दोन सेल, लहान बझर (3 व्होल्टवर वाजणारा), वायर, पुठ्ठ्याचा तुकडा आणि दोरा.

कृती: चिमट्याच्या दोन्ही जबड्यांना वेगवेगळा चांदीचा कागद गुंडाळा. दोन्ही कागद एकमेकांना मागे कुठे टेकू देऊ नका. एका जबड्यापासून वायर सेलकडे, सेलपासून बझरकडे आणि बझरपासून दुसऱ्या जबड्याकडे न्या. जबड्यांमध्ये पुठ्ठा अडकवा. परिपथ तुटलेला, म्हणून सारे शांत. चिमटा चौकटीला चिकटवा आणि पुठ्ठ्याला दोरा बांधून दुसरे टोक दाराला लावा. दार उघडले की पुठ्ठा निसटतो, जबडे टेकतात, परिपथ पूर्ण होतो आणि बझर ओरडतो! वाजला नाही तर बझरच्या दोन वायरी उलट जोडून पाहा. घरातल्या विजेच्या बोर्डाला मात्र हा प्रयोग कधीही जोडायचा नाही.

आणि आज संध्याकाळी आणखी एक काम. वहीत तीन रकाने आखा: "उशीर कशाने लागेल?", "कळणार कसे?" आणि "येणार कोण?" मग आई-बाबांना घेऊन घराभोवती एक फेरी मारा. प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी हाताने हलवून पाहा आणि लिहा. ज्या रकान्यात लिहायला काही सापडणार नाही, तिथूनच कामाला लागायचे. कोण जाणे, सगळा खर्च बहुधा एका जाड कोयंड्यावर आणि चार लांब बोल्टांवरच भागेल!